अंतराची खरेदी

टोकियोतले शिंजुकू हे जगातले सर्वांत गर्दीचे रेल्वे स्टेशन. गिनेसच्या २०१८च्या आकड्यांप्रमाणे रोज सरासरी ३५ लाखांहून अधिक माणसे तिथून ये-जा करतात. पश्चिमेकडच्या दाराने बाहेर पडले की योदोबाशी कॅमेराचे मुख्य दुकान लागते आणि जवळच मॅप कॅमेरासारखी जुन्या-नव्या कॅमेऱ्यांची दुकाने. पूर्वेकडे २०२० मध्ये उघडलेले कितामुराचे बहुमजली दुकान आहे आणि त्याच्या पलीकडे काबुकिचोचे निऑन दिवे आणि गोल्डन गाइच्या बोळांतले इवलेसे बार. इतके कॅमेरे विकायला मांडलेले आणि तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर फोटोंसाठी इतके रस्ते, असा योग फार थोड्या शहरांत जुळतो. त्यात २०२४ मध्ये येन घसरला. डॉलरला १६० येनांच्या आसपास, म्हणजे १९८६ नंतरची नीचांकी पातळी त्याने गाठली. तेव्हापासून टोकियोच्या सहलीत ‘एक दिवस कॅमेऱ्यासाठी’ ही नोंद भारतीय पर्यटकांच्याही यादीत शिरली आहे. तो दिवस सहसा कसा जातो? सकाळी दुकानात सेन्सर, मेगापिक्सेल आणि झूम यांची तुलना होते, दुपारी मोठा कॅमेरा गळ्यात येतो आणि संध्याकाळी रस्त्यावर त्याचे करायचे काय, हा प्रश्न पडतो. प्रश्न पडतो, कारण तुलना चुकीच्या गोष्टींची झालेली असते. रस्त्यावरच्या फोटोग्राफीपुरते बोलायचे तर दुकानात आपण मुख्यतः एकच गोष्ट विकत घेतो: फोटो काढणारा आणि ज्याचा फोटो निघतो तो माणूस, या दोघांमधले अंतर. बाकी सगळे त्या अंतराच्या मागून येते.

‘कॅमेरा महत्त्वाचा नाही, नजर महत्त्वाची’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकवले जाते. ते ऐकायला उदार वाटते, पण इतिहास त्याच्या बाजूने नाही. तिपाईवर बसवलेला, काचेच्या प्लेटी घालायचा कॅमेरा घेऊन रस्त्यावरचा चालता माणूस टिपणे जवळपास अशक्य होते. जर्मनीत ऑस्कर बार्नाकने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरून एक छोटा कॅमेरा बनवला आणि १९२५च्या लाइपझिग जत्रेत तो लायका या नावाने लोकांसमोर आला. हातात मावणारा, डोळ्याला लावून लगेच उडवता येणारा हा कॅमेरा नसता तर ज्याला आज आपण स्ट्रीट फोटोग्राफी म्हणतो ती घडलीच नसती. जपानने हे लवकर ओळखले. गोरो योशिदा या तंत्रज्ञाने लायका उघडून त्याची रचना समजून घेतली आणि १९३४ मध्ये ‘क्वानॉन’ हा नमुना जाहीर केला. त्यातूनच पुढे कॅनन उभी राहिली. त्या काळात जपानमध्ये लायकाची किंमत ४२० येन होती आणि बँकेत नव्याने लागलेल्या पदवीधराचा पगार महिना ७० येन, असे कॅननचाच इतिहास सांगतो. म्हणजे सहा महिन्यांचा पगार. कॅमेरा महत्त्वाचा नसता तर एवढ्या किमतीच्या वस्तूची नक्कल करायला कोणी कारखाना उभारला नसता. टोकियोत जन्मलेल्या इहेई किमुराने हातातल्या लायकाने शहराच्या जुन्या वस्त्यांतले जगणे टिपले. आज जपानमधला नव्या फोटोग्राफरांसाठीचा अत्यंत मानाचा पुरस्कार त्याच्याच नावाने १९७५ पासून दिला जातो. १९५० मध्ये कोरियन युद्धाचे फोटो काढणाऱ्या डेव्हिड डग्लस डंकनने निकॉनच्या लेन्स वापरल्या, त्यांची कीर्ती अमेरिकेत पोचली आणि टोकियो कॅमेऱ्यांची राजधानी होण्याची वाट मोकळी झाली. तेव्हा साधन महत्त्वाचे आहेच. ते कोणत्या अर्थाने महत्त्वाचे, एवढाच वाद आहे. लायकाने चित्राचा दर्जा वाढवला नाही. मोठ्या प्लेटपुढे त्याची २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट दर्जात कमीच पडत होती. वाढली ती माणसाच्या जवळ जाण्याची सोय.

अंतराचा हा हिशोब आकड्यांत मांडता येतो. ८५ मिलिमीटरची लेन्स फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर लावून, अॅपर्चर एफ/१.८ ठेवून पाच मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर त्याच्या पुढेमागे मिळून जेमतेम ३५ ते ४० सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. तो माणूस अर्धे पाऊल पुढे आला की फोकस गेला. याउलट रिकोच्या जीआर मालिकेसारख्या, २८ मिलिमीटरइतके रुंद दिसणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यात एफ/५.६ ठेवून फोकस अडीच मीटरवर बांधून टाकला, तर साधारण दीड मीटरपासून पंधरा मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. फोकस जुळायची वाट पाहावी लागत नाही, बटण दाबले की फोटो. पण या सोयीची किंमत पायांनी मोजावी लागते. रुंद लेन्समध्ये दहा मीटरवरचा माणूस ठिपक्याएवढा दिसतो, तो चौकटीत भरायचा तर दोन मीटरवर जावे लागते. दोन मीटरवर गेलेल्याला समोरचा माणूस पाहतो. तो हसतो, त्रासतो, हात आडवा धरतो किंवा दुर्लक्ष करतो, आणि फोटोत जे जिवंतपण येते ते बहुधा या पाहण्यातूनच येते. झूम लेन्स नेमकी ही गरज संपवते. सोनीच्या ए७ फोर या कॅमेऱ्याचे वजन ६५८ ग्रॅम, त्याच्यावरच्या २४-७० मिलिमीटर जीएम टू लेन्सचे ६९५ ग्रॅम; दोन्ही मिळून १ किलो ३५३ ग्रॅम. रिको जीआर थ्री बॅटरीसकट २५७ ग्रॅमचा. पहिल्या जोडीत सगळी अंतरे विकत मिळतात, म्हणून वापरणारा स्वतः एकही ठरवत नाही. जागेवर उभा राहून तो लेन्स फिरवतो आणि त्याच्या फोटोंत माणसे असूनही कोणाशी गाठ पडल्याची खूण दिसत नाही.

टोकियोने घडवलेल्या फोटोग्राफरांकडे पाहिले की हे तर्कापुरते राहत नाही. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या विल्यम क्लाइनचे टोकियोवरचे पुस्तक १९६४ मध्ये निघाले. रुंद लेन्स घेऊन तो गर्दीत असा घुसतो की चौकटीच्या कडेची डोकी कापली जातात. त्याच्या कामाचा ठसा ज्यांच्यावर उमटला त्यांच्यात दाइदो मोरियामा आहे. १९३८ मध्ये ओसाकाजवळ जन्मलेला, १९६१ मध्ये टोकियोत आलेला मोरियामा ‘प्रोव्होक’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकापासून त्या गटात आला. १९६८-६९ मध्ये या नियतकालिकाचे फक्त तीन अंक निघाले, पण खरबरीत, हललेल्या आणि फोकस सुटलेल्या प्रतिमांनी जपानी फोटोग्राफीचे व्याकरण बदलले. ज्या दोषांपासून सुटका म्हणून दुकानदार महागडी लेन्स दाखवतो, ते सगळे दोष या मंडळींनी मुद्दाम अंगीकारले होते. शिंजुकूच्या गल्ल्यांत मोरियामा अनेक वर्षे खिशात मावणाऱ्या रिको जीआरने फोटो काढत आला आहे. २०१९ मध्ये त्याला फोटोग्राफीचा हॅसलब्लॅड पुरस्कार मिळाला.

इथे कोणी म्हणेल, ही उदाहरणे सोयीची निवडलेली आहेत. मोठ्या कॅमेऱ्यानेही टोकियोत थोर काम झाले आहे. झाले आहे, आणि सर्वांत ठळक उदाहरण हिरो किकाई याचे. हा तत्त्वज्ञानाचा पदवीधर, ट्रक चालवण्यासारखी कामे करून जगलेला. असाकुसा भागातल्या सेन्सोजी मंदिराच्या आवारात तो १९७०च्या दशकापासून वर्षानुवर्षे उभा राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांतल्या एखाद्याला थांबवून, विचारून, साध्या भिंतीपुढे त्याचे चित्र काढत राहिला. हातात हॅसलब्लॅड, म्हणजे मोठ्या चौरस फिल्मचा वजनदार कॅमेरा. या फोटोंच्या ‘पर्सोना’ या पुस्तकाला २००४ मध्ये केन दोमोन पुरस्कार मिळाला. माझ्या म्हणण्याला हे उदाहरण छेद देते का? कॅमेरा लहानच हवा, एवढेच म्हणणे असते तर दिला असता. पण किकाईचा कॅमेरा एकच, लेन्स एकच, भिंत तीच, अंतरही ठरलेले. इस्सेई सुदाने जपानभरच्या उत्सवांत काढलेले, १९७८ मध्ये ‘फुशी काडेन’ या पुस्तकात आलेले फोटोही चौरस फिल्मचेच आहेत. कॅमेरा लहान असो वा मोठा, या साऱ्यांनी आपले अंतर आधी ठरवले आणि साधन त्याला जुळवून घेतले. मोरियामाचे अंतर ओझरत्या भेटीचे, किकाईचे समोरासमोर उभे राहण्याचे. ‘सगळ्या अंतरांसाठी एक लेन्स’ ही मागणी यांच्यापैकी कोणाच्याही कामात दिसत नाही.

मग बाजार नेमकी तीच मागणी का निर्माण करतो? कारण त्याच्यापाशी दुसरा मार्ग राहिलेला नाही. जपानी कॅमेरा उद्योगाच्या ‘सिपा’ या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले गेले. २०२३ मध्ये ही संख्या सुमारे ७७ लाखांवर आली. स्वस्त छोटे कॅमेरे मोबाइलने गिळले. कंपन्या तगल्या त्या महागडे कॅमेरे आणि त्याहून महागड्या लेन्स विकून. किमतींच्या या शिडीची प्रत्येक पायरी वरच्या पायरीकडे बोट दाखवते, कारण नफा वर आहे. यात कट नाही, साधा धंदा आहे. मात्र ग्राहकाने ही शिडी प्रगतीची आहे असे समजू नये. लहान कॅमेराही या लाटेतून सुटलेला नाही. फुजीफिल्मचा एक्स१००व्ही समाजमाध्यमांवर गाजला आणि जुना कॅमेरा नव्याच्या मूळ किमतीहून महाग विकला जाऊ लागला. २०२४ मध्ये आलेल्या एक्स१००सिक्ससाठी गिऱ्हाइकांना महिनोन् महिने थांबावे लागले. लहान कॅमेरा गळ्यातला दागिना झाला की तोही अंतराचे काम विसरतो.

यावरचा सर्वांत सरळ आक्षेप मोबाइलचा. सोय, जवळीक आणि लहानपण हेच निकष असतील तर वेगळा कॅमेरा घ्यायचाच कशाला? दिवसा, भरपूर उजेडात, या आक्षेपाला चांगले उत्तर नाही, आणि ज्याला प्रवासाची आठवण हवी आहे त्याने मोबाइलवर थांबणे शहाणपणाचे. पण टोकियोत दोन अडचणी येतात. पहिली उजेडाची. भारी मोबाइलच्या मुख्य सेन्सरपेक्षा जीआरसारख्या कॅमेऱ्याचा सेन्सर क्षेत्रफळाने साधारण पाचपट मोठा असतो. रात्रीच्या गल्लीत मोबाइल लागोपाठचे अनेक फोटो एकत्र शिवून चित्र तयार करतो. स्थिर इमारतीला ते छान दिसते, चालत्या माणसाचा चेहरा मात्र मेणाचा होतो. दुसरी अडचण मजेदार आहे. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोबाइलच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही. तसा कायदा नाही. २००० साली शार्पचा कॅमेरा असलेला फोन जे-फोन कंपनीने आणला, चोरून फोटो काढले जाण्याची भीती निर्माण झाली आणि कंपन्यांनी आपणहून हा नियम पाळला. बाहेरून नेलेल्या फोनला तो लागू होईलच असे नाही, पण त्यामागची भावना लक्षात घ्यायला हवी: तिथल्या समाजाला फोटो निघताना कळायला हवे आहे.

दुसरा आक्षेप पर्यटकाचा. मोरियामा शिंजुकूत दशके फिरला. आठवड्यासाठी गेलेल्याला एकाच अंतराची शिस्त कशी परवडेल? मंदिराचे शिखर, दुरून दिसणारा फुजी आणि गल्लीतला स्वयंपाकी, सगळेच त्याला हवे असते. फुजीसाठी लांबची लेन्स लागते हे खरेच, पण ते काम वेगळे. रस्त्यावरच्या कामात मात्र वेळ कमी असेल तेवढी एकच लेन्स जास्त उपयोगी. लेन्स ठरलेली असली की दोन दिवसांत डोळ्याला चौकटीचा अंदाज येतो. कॅमेरा उचलण्याआधीच कुठे उभे राहायचे ते पायांना कळते. झूमवाल्याचे हे शिक्षण रोज नव्याने सुरू होते. शिवाय टोकियोत घेतलेला कॅमेरा आयुष्याचा बराचसा काळ टोकियोत घालवणार नाही. तो दादरच्या फुलबाजारात, कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर किंवा पणजीच्या बाजारात वापरला जाणार, आणि तिथली अंतरे शिंजुकूपेक्षाही कमी आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. जवळ जाऊन फोटो काढणे ही समोरच्यावरची जबरदस्ती आहे, आणि छोटा कॅमेरा म्हणजे लपवाछपवीचे हत्यार. जपानमध्ये हा प्रश्न कायद्याने लवकर हाताळला. १९६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या तेराव्या कलमाचा आधार घेऊन सांगितले की, संमतीवाचून आपला चेहरा विनाकारण टिपला जाऊ नये हे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे. २००५ मध्ये त्याच न्यायालयाने कसोटी अधिक नेमकी केली: जागा कोणती, हेतू काय, पद्धत काय, गरज किती, हे तोलून समाजाने सोसण्याची मर्यादा ओलांडली का ते पाहायचे. त्याच वर्षी गिंझातल्या रस्त्यावर एका स्त्रीचा फोटो विनापरवानगी काढून इंटरनेटवर टाकल्याच्या प्रकरणात टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने तिला भरपाई दिली. २०२३च्या जुलैपासून लैंगिक स्वरूपाचे फोटो चोरून काढण्यावर स्वतंत्र फौजदारी कायदा लागू आहे. क्योतोच्या गिओनमधल्या खासगी गल्ल्यांत विनापरवाना फोटोसाठी १०,००० येनांच्या दंडाच्या पाट्या २०१९ मध्ये लागल्या, तर टोकियोच्या गोल्डन गाइतही फोटोला परवानगी लागत असल्याच्या सूचना दिसतात. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टास्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आहे. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही.

तरीही त्याचा रोख चुकतो. वीस मीटरवरून लांब लेन्सने टिपलेल्या माणसाला फोटो निघाल्याचे कळत नाही आणि नकार देण्याची संधीही मिळत नाही. दोन मीटरवरून टिपलेल्याला ती असते. म्हणजे अंतर कमी करण्याने फोटोग्राफर उघडा पडतो आणि समोरच्याच्या हातात थोडी सत्ता येते. मात्र जवळीक पुरेशी नाही, हेही याच शहरात दिसून आले. २०२० मध्ये फुजीफिल्मने एक्स१००व्हीच्या प्रचारासाठी फोटोग्राफर तात्सुओ सुझुकीची चित्रफीत प्रसिद्ध केली. चालत्या माणसांच्या अगदी तोंडासमोर कॅमेरा नेऊन तो पुढे निघून जातो, हे पाहून लोक संतापले आणि कंपनीला ती काढून घ्यावी लागली. सुझुकीचे अंतर कमी होते, पण नकाराला लागणारा वेळ त्याने ठेवलाच नव्हता. किकाईकडे तो वेळ भरपूर होता. छोटा कॅमेरा घेणाऱ्याने हा वेळही सोबत बाळगायला हवा: फोटो काढून क्षणभर थांबणे, नजरेला नजर देणे, कोणी हाताने ‘नको’ म्हटले तर त्याच्या देखत फोटो पुसणे. लहान मुले, झोपलेले, प्यालेले आणि हताश लोक यांना तर वगळलेलेच बरे, कारण त्यांच्यापाशी नकाराची ताकद त्या क्षणी नसते.

एवढे मान्य असेल तर खरेदीचे नियम थोडक्यात सांगता येतात. आपण माणसांच्या किती जवळ जाऊ शकतो याचा अंदाज मोबाइलने आधीच घ्यावा. त्याची मुख्य लेन्स साधारण २४ ते २८ मिलिमीटरची असते. झूम न करता आठवडाभर फोटो काढले की आपले अंतर कळते. ते दोन मीटर असेल तर २८, तीन-चार मीटर असेल तर ३५ किंवा ५०. मग त्या अंतराचा सर्वांत हलका कॅमेरा शोधावा, आणि शक्यतो जुना. टोकियोतली जुन्या मालाची दुकाने प्रत्येक वस्तूची प्रत अक्षरांनी लिहितात, ओरखडे आणि काचेवरचा धूसरपणा नोंदवतात. लेन्समधली बुरशी मात्र आपण उजेडासमोर धरून तपासावी, कारण कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळी हवेत ती झपाट्याने पसरते. काही कंपन्यांच्या, विशेषतः सोनीच्या, जपानी बाजारासाठीच्या कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानी भाषेत असतो; पैसे देण्याआधी भाषेची यादी उघडून पाहावी. वॉरंटी भारतात चालेल का तेही विचारावे. ५,००० येनांपुढच्या खरेदीवर पर्यटकाला पासपोर्ट दाखवून १० टक्के उपभोग कर वाचवता येतो. १ नोव्हेंबर २०२६ पासून हा कर आधी भरून देश सोडताना परत मिळवण्याची पद्धत जपानने ठरवली आहे. भारतात परतताना करमुक्त सामानाची मर्यादा असते. २०१६च्या नियमांत ती ५०,००० रुपये होती. निघण्यापूर्वी चालू नियम पाहावेत, आणि घरचाच महागडा कॅमेरा नेत असल्यास जाताना विमानतळावर सीमाशुल्काचे निर्यात प्रमाणपत्र घ्यावे.

खरेदी सहलीच्या पहिल्या दिवशी करावी. शेवटच्या दिवशी घेतलेला कॅमेरा टोकियोचा एकही रस्ता न पाहता घरी येतो. वाचलेल्या पैशांतून एबिसूचे फोटोग्राफीचे संग्रहालय पाहावे, जिंबोचोच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून एखादे फोटोबुक घ्यावे, आणि त्यातला फोटोग्राफर माणसांपासून किती दूर उभा होता ते पानापानावर मोजावे. तेवढ्या अंतरावर उभे राहण्याची आपली तयारी असेल तर साधा कॅमेराही पुरेल. ती नसेल, तर शिंजुकूच्या दुकानांतली सर्वांत महाग लेन्सही ती मिळवून देणार नाही.